पोलीस भरती आणि गाडीवरच्या चुका: चलनाला घाबरता, पण अडकता भलतीकडेच

"दादा, गाडीवर तीन चलनं पडलीत. भरतीला नडतील का?"

१६०० मीटरला घाम गाळणारी पोरं गोळाफेक आणि लेखीपेक्षा या प्रश्नाने जास्त हैराण असतात. भरतीच्या मुलांची कागदपत्रं बघून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. नुसत्या चलनापायी बाहेर पडलेला एकही मुलगा मी पाहिलेला नाही. पण "अहो, ते तर मिटलं होतं" असं म्हणत निवड यादीत नाव लागूनही घरी बसलेले पाहिलेत. दोन वर्षांची मेहनत आणि आईचे गहाण ठेवलेले दागिने, सगळं निवडीनंतरच्या फॉर्ममधल्या "तुमच्यावर गुन्हा आहे का" या एका रकान्यात वाहून जातं. तो रकाना आधी समजून घ्या.

चलन आणि गुन्हा यांत गल्लत

हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला, नो पार्किंगमध्ये गाडी लावली, की मोबाइलवर ई-चलन येतं. हे मोटार वाहन कायद्यातलं प्रकरण. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं की विषय तिथेच संपतो. एफआयआर होत नाही, तुम्ही आरोपी ठरत नाही. थकवलं तर मात्र प्रकरण कोर्टाकडे जाऊ शकतं, लोकअदालतीची नोटीस येते. म्हणून फॉर्म भरण्याआधी महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा आणि भरून टाका. फोटोत दुसऱ्याचीच गाडी दिसत असेल तर तिथेच तक्रार करता येते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर चलनही त्यांच्याच नावाने निघतं, हेही लक्षात असू द्या.

गुन्हा ही वेगळी गोष्ट. बेदरकारपणे गाडी चालवली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, कुणाला लागलं तर १२५, कुणी दगावलं तर १०६. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर कागदावर जुने आकडे दिसतील: २७९, ३३७, ३३८, ३०४-अ. यांतला एकही आकडा तुमच्या नावापुढे लागला असेल तर तो अपघात राहत नाही, तुमच्यावरचा फौजदारी गुन्हा होतो.

"ते मिटलं" असं धरून चालणं

नेहमीचा किस्सा असा. चौकात दुचाकी घसरते, समोरच्या काकांना खरचटतं, पाय मुरगळतो. दवाखान्यातून पोलीस ठाण्याला कळवलं जातं, एफआयआर होते. तुम्हाला अटक होत नाही, नोटीस देऊन दोन सह्या घेतात आणि घरी पाठवतात. पुढच्या आठवड्यात गावातली चार माणसं बसतात, दवाखान्याचा खर्च देऊन हात जोडले जातात, चहा होतो. घरच्यांच्या लेखी प्रकरण संपलं.

कायद्याच्या लेखी नाही. दुखापतीचं कलम कोर्टाच्या परवानगीने तडजोडीत निघू शकतं, पण २८१ (जुनं २७९) तडजोडपात्र नाही. काकांनी माफ केलं तरी दोषारोपपत्र जातं, केसला नंबर पडतो. समन्स जुन्या पत्त्यावर फिरत राहतं, कारण तुम्ही अकॅडमीच्या खोलीवर राहायला गेलेले असता. आणि दोन वर्षांनी फॉर्मवर तुम्ही निवांतपणे "नाही" लिहिता.

शंका असेल तर ज्या ठाण्याच्या हद्दीत प्रकार घडला तिथे जाऊन सरळ विचारा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर पाहता येतात, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. तुम्ही अर्धा तास घालवून शोधलं नाहीत तर पडताळणीत ते शोधतीलच. ठाण्यांचं रेकॉर्ड आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यावर असतं.

"कबूल कर, दंड भर, मोकळा हो"

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. तारखा नकोत म्हणून घरचे सांगतात, कधी घाईतला वकीलही सांगतो: हजार रुपये दंड होईल, गुन्हा कबूल कर. मुलगा कबूल करतो, पावती घेतो, बाहेर येऊन वडापाव खातो.

तो जे घेऊन बाहेर पडला ती नुसती पावती नव्हती. ती दोषसिद्धी होती. रस्त्यावर भरलेलं तडजोड शुल्क आणि कोर्टात गुन्हा कबूल करून भरलेला दंड दिसायला सारखेच, पण पहिल्यात खटलाच उरत नाही आणि दुसऱ्यात तुम्ही कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस असता. कबुलीनंतर अपीलही जवळपास बंद होतं, शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा कायदेशीरपणाबद्दल काय ते बोलता येतं. म्हणून कबुलीआधी वकिलाला स्पष्ट सांगा की मी वर्दीच्या भरतीत आहे. खटला लढवायचा, उच्च न्यायालयात रद्द करून घ्यायचा प्रयत्न करायचा की १९५८ च्या परिविक्षा कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणारा कायदा) आधार मागायचा, याचा विचार तेव्हाच होऊ शकतो.

दारू पिऊन गाडी चालवण्याची तर रस्त्यावर पावती फाटतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. पहिल्यांदाच सापडलात तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि प्रकरण कोर्टातच. मित्राच्या हळदीतून परत येताना हे आठवलं तर बरं.

चौकातल्या हवालदाराशी हुज्जत

५०० च्या चलनावरून सुरू झालेलं भांडण. कुणीतरी मोबाइल काढतो, कुणी गाडीची चावी ओढतो, धक्काबुक्की होते. आता गुन्हा वाहतुकीचा राहिला नाही. सरकारी कामात अडथळा आणून हल्ला केल्याचं कलम लागतं: संहितेचं १३२, जुन्या भाषेत "तीनशे त्रेपन्न". ज्या खात्यात नोकरी मागायची त्याच खात्याच्या माणसाच्या अंगावर गेल्याची नोंद तिथे कशी वाचली जाईल, हे मी सांगायला नको. चूक वाटली तर चलन घ्या, तक्रार नंतर ॲपवर करा.

ठोकर लागल्यावर पळून जाणं याच जातीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत ठाण्यात खबर देणं चालकावर बंधनकारक आहे. थांबलेल्याची बाजू नंतर मांडता येते. पळालेल्याची बाजू कोण ऐकणार?

धाकट्याच्या हातात चावी

हे भावांसाठी. अठरा पूर्ण नसलेला मुलगा गाडी चालवताना गुन्ह्यात सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. चालक पोलीस शिपाई व्हायचं स्वप्न असेल तर हिशेब करा, हातात वर्षं किती उरतात.

चालक पदासाठी आणखी एक. ट्रिपल सीट किंवा हेल्मेटशिवाय सापडल्यावर दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र करण्याची तरतूदही कायद्यात आहे. ऐन भरतीत लायसन्स निलंबित नको.

फॉर्मवर "नाही" लिहून टाकणं

निवडीनंतर साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, भरावा लागतो. त्यात अटक, खटला, दंड, शिक्षा, प्रलंबित प्रकरण, सगळं विचारलेलं असतं. "कधी" हा शब्द नीट वाचा. निर्दोष सुटलात तरी खटला झाला होता, म्हणजे उत्तर "होय".

अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय बराच मोकळा केला. उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. प्रकरण अगदी क्षुल्लक असेल तर लपवाछपवीकडेही नियुक्ती प्राधिकारी दुर्लक्ष करू शकतो. आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार त्याच्याकडे राहतोच. मुलं यातलं मधलं वाक्य तेवढं पाठ करतात. अहो, ते "करू शकतो" आहे, "करेलच" नाही. त्याआधी, २०१३ साली, दिल्ली पोलिसांच्या मेहर सिंग प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की साक्षीदार फिरले म्हणून सुटका झाली, एवढ्याने पोलीस दलात जागा मिळण्याचा हक्क तयार होत नाही.

तरीही, उघड केलेली एक अपघाताची केस वेगळी आणि पडताळणीत सापडलेली वेगळी. पहिलीत साहेब कागद वाचतात: वेग किती होता, लागलं किती, निकाल काय. दुसरीत थेट तुमच्या "नाही"वर बोट ठेवतात.

रकान्यात "किरकोळ अपघात" असं मोघम लिहू नका. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमं, कोर्टाचं नाव, खटला क्रमांक, सद्यस्थिती किंवा निकालाची तारीख, या क्रमाने लिहा. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडा आणि त्यावर सही करा. निकालाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून मिळते. तिला दिवस लागतात, म्हणून अर्ज आजच टाका, यादी लागल्यावर नव्हे.