स्वयंसेवक प्रशिक्षणानंतर गोव्याच्या शेतीप्रदेशातून एकट्याने प्रवास कसा करावा

आपत्ती-सेवेचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने त्यानंतर लवकरात लवकर, दुचाकीवरून आणि एकट्याने, गोव्याच्या शेतीप्रदेशात तीन-चार दिवस फिरून यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘आपदा मित्र’ योजनेच्या १२ दिवसांच्या प्रशिक्षणात शोध, बचाव आणि प्रथमोपचार शिकवले जातात. परंतु ज्या गावात भर पावसात मदतीला धावायचे आहे, तिथला कोणता रस्ता सर्वांत आधी पाण्याखाली जातो, हे त्या रस्त्यावरून कोरड्या दिवसांत गेल्याशिवाय कळत नाही. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्यांना जो तडाखा दिला, तो आठवला म्हणजे या प्रवासाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. सोबत्यांबरोबर गेल्यास गप्पा आपसातच होतात. एकटा माणूस मात्र थांबतो, विचारतो आणि ऐकून घेतो.

प्रवासासाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. सुरुवातीला सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी-मळणी दिसते, पुढे वायंगण म्हणजे उन्हाळी भाताची लावणी. साधी ११० ते १२५ सीसीची स्कूटर पुरते. टायर आणि ब्रेक तपासून घ्यावेत, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण सत्तरी आणि सांगेच्या आतल्या भागात नेटवर्क जाते, आणि रोजचा मार्ग घरच्या एका माणसाला लेखी कळवावा.

पहिला दिवस खाजन शेतीसाठी राखून ठेवावा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे, बेट सावकाश पाहावे आणि दुसऱ्या फेरीबोटीने नार्वेला जाऊन डिचोलीची वाट धरावी. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली, समुद्राच्या भरतीपेक्षा सखल असलेली जमीन, आणि तिचा सगळा जीव मानशीत, म्हणजे बांधात बसवलेल्या पाण्याच्या दारात असतो. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी झडप आपोआप मिटते, ओहोटीला शेतातले पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडते. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, शक्य झाल्यास एकच मानस दोन्ही वेळी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पाऊस जुळून आला, तर झडप पुरेशी उघडत नाही, शेतात पाणी तुंबते आणि बांधावर दोन्हीकडून ताण येतो, हे तिथे उभे राहून जितके स्पष्ट समजते तितके वर्गातल्या आकृतीवरून समजत नाही. बांधाची पडझड, खेकड्यांनी पाडलेली बिळे, बाहेरच्या अंगाला खारफुटी शिल्लक आहे की तोडली गेली आहे, या गोष्टी नीट पाहून टिपाव्यात. एकदा बांध फुटून खारे पाणी आत शिरले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत ती जमीन भाताला निरुपयोगी होते, आणि कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे वाणही अशा वेळी हात टेकतात. बांधावर स्कूटर चालवू नये. ती रस्त्यावर ठेवून पायी जावे आणि उभ्या पिकात पाय टाकू नये.

दुसऱ्या दिवशी साखळीमार्गे वाळपईला जावे. अंजुणे धरण आणि त्याखालचा वाळवंटीचा काठ पाहून साखळी बाजारपेठेपर्यंत पाणी कसे पोहोचते, याचा क्रम मनात बसवावा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा विषाणूजन्य आजार गोचिडांच्या चाव्यातून पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे या काळात असतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालावी, रानातल्या पाचोळ्यात बसू नये, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. सूर्यास्तानंतर आतल्या रस्त्यांवर गाडी चालवू नये, कारण गवे रस्त्यावर येतात.

पुढे उसगावमार्गे फोंड्याला उतरून सावईवेऱ्याच्या बाजूची कुळागरे, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागा, पाहावीत. पोफळी, माड, केळी आणि पोफळींवर चढवलेली मिरी हे सारे एकाच झऱ्याच्या पाटावर कसे जगते, ते मालकाची परवानगी घेऊनच पाहावे. वेळ उरल्यास दक्षिणेला सासष्टीचे कोठार म्हटल्या जाणाऱ्या कुडतरीची तळी आणि मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले काणकोणातील खोला ही गावे पाहता येतील.

शेतकऱ्यांशी कोंकणीतच बोलावे आणि आपण कोण, कशासाठी आलो, हे सुरुवातीलाच सांगावे. प्रशिक्षणात मिळालेले जाकीट या प्रवासात घालू नये, असे मी निक्षून सांगेन. ते पाहून लोकांना आपण सरकारी पाहणीला आलो आहोत असे वाटते, नुकसानभरपाईची गाऱ्हाणी पुढे येतात आणि आपण पूर्ण करू शकणार नाही अशी अपेक्षा निर्माण होते. ओळखपत्र खिशात असावे. काम चालू असेल तर प्रश्न विचारण्याआधी भाताचे भारे उचलायला हात लावावा आणि जेवणाच्या सुट्टीत बोलावे. घरातील ज्येष्ठांना ‘मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते?’ एवढेच विचारावे. बहुतेक जण उठून भिंतीवरची खूण दाखवतात.

प्रत्येक गावासाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर मानशीची जागा, सखल रस्ता, जवळचे उंचावरचे देऊळ, चर्च किंवा शाळा, होडी कोणत्या वाड्यावर आहे, आणि एकटे राहणारे वृद्ध कोणत्या भागात आहेत, एवढे लिहावे. कोणाचेही नाव किंवा फोन क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय उतरवून घेऊ नये. परतल्यावर आठवड्याभरात ही पाने स्वच्छ लिहून एक प्रत आपल्या पथकाला आणि एक त्या तालुक्याच्या मामलेदार कार्यालयाला द्यावी. मेच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, निदान सखल रस्त्यांची नोंद पुन्हा जाऊन पडताळावी, कारण नवी भरणी, नवे कुंपण किंवा बुजलेला नाला यांमुळे पाण्याची वाट एका हंगामात बदललेली असू शकते.