संत्र्याचं तेल हुंगूनही धाकधूक कमी होत नाही? या चुका टाळा

मुलाखत असो की दाताच्या डॉक्टरची खुर्ची, संत्र्याच्या सालीच्या तेलाचा वास घेतला की बऱ्याच जणांची घालमेल थोडी निवळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात दंतवैद्याकडच्या प्रतीक्षाखोलीत हा वास सोडला होता. त्याचा गुण दिसला तो महिला रुग्णांमध्ये. म्हणजे परिणाम आहे, पण सौम्य. आणि तोही बहुतेक वेळा आपणच घालवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वास येईनासा झाला की थेंब वाढवणं. नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं. तेल हवेत असतंच. वर आणखी दहा थेंब पडले की डोकं धरतं, मळमळतं, आणि मग दोष तेलाला. डिफ्युझरमध्ये (वास हवेत पसरवणाऱ्या यंत्रात) १०० मिली पाण्याला ३-४ थेंब पुरे. अर्धा तास चालू, मग तासभर बंद, खिडकी किलकिली. शंका वाटली तर खोलीबाहेर पाच मिनिटं फिरून या. दारातच वास जाणवला तर प्रमाण बरोबर आहे.

डिफ्युझर नसेल तर कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब घ्या. बोळा नाकापासून वीतभर लांब धरून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करा. भराभर हुंगू नका. निम्मं काम त्या संथ श्वासाचंच आहे. नाकाखाली तेल चोपडलं तर फक्त जळजळ होईल.

पुष्कळदा बाटलीतच खोट असते. ‘ऑरेंज परफ्यूम ऑइल’ म्हणजे सालीचं तेल नव्हे. लेबलवर ‘सिट्रस सायनेन्सिस’ हे शास्त्रीय नाव आणि ‘कोल्ड प्रेस्ड’ (म्हणजे न तापवता दाबून काढलेलं) लिहिलेलं बघा. (गंमत म्हणजे ही जात आपल्या मोसंबीची, नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं.) या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन नावाचं रसायन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. तुकड्यावर थेंब टाका: पांढरे मणी आक्रसून खळगा पडायला हवा. नाही पडला तर तेलात भेसळ समजा. पडला म्हणून तेल अस्सलच असं मात्र नाही, कारखान्यातलं लिमोनिनही तेच करतं. याच गुणामुळे स्वस्त प्लॅस्टिकच्या डिफ्युझरला तडे जातात. वापरून झालं की टाकी पुसून ठेवा.

तेल हवेने खराब होतं. टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प आला तर फेकून द्या. १० मिलीची गडद काचेची बाटलीच घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर वर्षभरात संपवा.

बर्गमॉटचं (हेही एक लिंबूवर्गीय फळ) किंवा लिंबाचं तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. दमेकऱ्याच्या किंवा मांजराच्या खोलीत डिफ्युझर नको. मांजराच्या यकृताला लिमोनिन नीट पचवता येत नाही. चिंतेची गोळी चालू असेल तर वासाच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नका.