या चुका टाळा: एम.ए.चा पहिला संशोधन प्रकल्प लिहिताना

"आजच्या धकाधकीच्या युगात बळीराजा संकटात सापडला आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही."

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका प्रकल्पाचं हे पहिलं वाक्य. लिहिणारी मुलगी हुशार, शाळेत निबंधाचं बक्षीस कधी न सोडलेली. आणि नेमकं तेच तिला नडलं. मी समासात एकच शब्द लिहिला: कशावरून?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचा 4 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर असतो आणि दुसऱ्या वर्षी 4 आणि 6 श्रेयांकांचे संशोधन प्रकल्प. तोवर गाइडमधली उत्तरं पाठ करून आलेल्या मुलांवर अचानक साठ-सत्तर पानं स्वतःची लिहायची वेळ येते. मग ती जे येतं तेच करतात, निबंध लांबवतात. निबंध वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं आधीच पटलेलं असतं. परीक्षक मात्र जकात नाक्यावर बसल्यासारखा प्रत्येक वाक्य थांबवून पावती मागतो.

विषय राज्याएवढा, वेळ सहा महिने

त्या मुलीचं शीर्षक होतं 'महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. एवढ्या विषयात दोन पिढ्या खर्ची पडतील. बोलताबोलता कळलं की घरी कांदा पिकतो आणि वडिलांनी बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, आणि सगळं वजा जाता हातात पडलेली रक्कम. म्हटलं, अगं, तुझा प्रकल्प त्या डब्यात आहे. शेजाऱ्यांकडूनही पट्ट्या मिळाल्या. नवं पहिलं वाक्य असं झालं: "गावातील 22 कांदा उत्पादकांच्या तीन हंगामांतील हिशेबपट्ट्या प्रस्तुत प्रकल्पात तपासल्या आहेत." या वाक्यात अलंकार नाही, पण 'कशावरून' विचारायलाही जागा नाही.

तिला हे वाक्य फार कोरडं वाटलं होतं. बहुतेकांना वाटतं. 'थोर', 'अनन्यसाधारण', 'मोलाचे योगदान', 'सिंहाचा वाटा' हे शब्द काढले की लेखन उघडं पडल्यासारखं वाटतं. पण विशेषण खोडा आणि तिथे आकडा, उदाहरण किंवा पान क्रमांक टाकता येतो का ते पाहा. टाकता येत नसेल तर ते वाक्यच जाऊ द्या.

'10 टक्के चालतं ना सर?'

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त 6 महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं, 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. मुलं याचा अर्थ लावतात की 10 टक्के चोरी माफ. तसं नाही. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरायचीच नसतात. सर्वज्ञात माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडले जातात. म्हणजे योगायोगाला सूट आधीच दिलेली आहे.

दुसरी युक्ती म्हणजे 'शेतकरी'चा 'कृषक' करायचा, 'महत्त्वाचा'चा 'महत्त्वपूर्ण' करायचा. वाक्याचा सांगाडा मात्र तोच. सॉफ्टवेअर कदाचित फसेल, तो लेख वाचलेला परीक्षक फसणार नाही. उपाय जुनाच आहे. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, घरच्यांना सांगताय असं समजून लिहा, मग पुस्तक उघडून ताडून पाहा. पान क्रमांक त्याच क्षणी टिपा. 'नंतर शोधू' म्हटलेला पान क्रमांक नंतर सापडत नाही.

चॅटबॉटकडून संदर्भसूची करून घेणाऱ्यांना एकच सांगणं: त्यातलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयात जाऊन हातात धरा. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक मात्र कधी लिहिलंच गेलेलं नाही, असा प्रकार मी पाहिलाय.

साल कोणतं लिहायचं?

"फुले (1991) यांच्या मते..." हे वाक्य अनेक मसुद्यांत भेटतं. जोतीराव फुले 1890 मध्ये वारले. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा. विद्यार्थ्याने हातातल्या समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीवरचं साल बघून तेच ठेवून दिलेलं असतं. पान क्रमांक त्या आवृत्तीचा असल्यामुळे ते साल हवंच, पण एकटं नको. कंसात 'फुले 1883/1991' असं लिहिलं की लेखन कधीचं आणि प्रत कधीची, दोन्ही कळतं. सूचीत आडनाव आधी, आणि 'प्रा.', 'डॉ.', 'सौ.', 'मा.' यांना सुट्टी. ते आभारात चालतात.

हजेरीपट

पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात मुलं एकेक नाव पुकारतात: अमुक यांनी अमुक साली प्रबंध सादर केला, तमुक यांनी तमुक साली. सगळे हजर, पण कोणी कोणाशी बोलत नाही. कांद्याच्या भावाला दलाल जबाबदार म्हणणारे एका बाजूला, साठवणुकीची अडचण सांगणारे दुसऱ्या बाजूला, असे गट पाडा. मग तुमच्या पट्ट्या कोणाच्या बाजूने बोलतात ते सांगायला जागा तयार होते. गृहीतक, म्हणजे आधी मांडून मग पुराव्याने तपासायचा अंदाज, तोही असाच कुठली तरी बाजू घेणारा हवा. 'शेतकऱ्यांना समस्या आहेत' हे गृहीतक चुकूच शकत नाही, म्हणून ते सिद्ध झालं याला काही किंमत नाही.

'मी' लिहायचं की 'संशोधकास असे आढळले', हे मार्गदर्शकांना आधीच विचारा. त्यावर वाद घालू नका.

टंकलेखन

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांगोळी होतो, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो नीट वाचता येत नाही. पहिल्या पानापासून युनिकोड वापरा. बाहेरून टाइप करून घेत असाल तर पीडीएफसोबत मूळ फाइलही मागून घ्या. नाहीतर बाइंडिंगच्या आदल्या दिवशी 'निष्कर्ष'चा 'निष्कर्श' झालेला दिसतो, आणि तेवढ्यासाठी डीटीपीवाल्याच्या दुकानासमोर पुन्हा उभं राहावं लागतं. सबमिशनच्या आठवड्यात तिथे अख्खा वर्ग आधीच उभा असतो.