मोठा समुद्री फिशटँक, छोटं बजेट: फिल्टरचं सामान कसं निवडायचं

मुंबईत समुद्र दारातच आहे, मग खाऱ्या पाण्याचा टँक फुकटात होईल असं वाटत असेल तर आधीच सांगतो, चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार सोडा, त्या पाण्यात कुठल्या कुठल्या नाल्याचं काय येतं ते आपल्याला माहितीये. मीठ पिशवीतलंच घ्यायचं, समुद्री टँकसाठी मिळतं ते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आणि बजेट फिल्टरवर लावायचं, दिखाऊ लाईटवर नाही.

सगळ्यात आधी लिटर मोजा. दुकानात ‘पाच फुटी’ म्हणतात पण फुटांवरून फिल्टर निवडता येत नाही. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणा आणि उत्तराला २८.३ नी गुणा. माझा टँक ५ बाय २ बाय २, म्हणजे साधारण ५६५ लिटर. हे नुसत्या पाण्याचंच ५६५ किलो झालं, त्यात काच, दगड, स्टँड वेगळे, त्यामुळे जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर टँकची ऑर्डर द्यायच्या आधी इंजिनिअरला विचारा, नंतर नाही.

आता हे समजून घ्या की फिल्टरला कामं तीन असतात. दिसणारा कचरा गाळायचा, विरघळलेली घाण कुजायच्या आधी बाहेर काढायची, आणि जे उरेल ते बॅक्टेरियाकडून पचवून घ्यायचं, म्हणजे अमोनियाचा नायट्राईट आणि नायट्राईटचा नायट्रेट. शेवटचा नायट्रेट बहुतेक पाणी बदलूनच जातो, आणि पाणी बदलायचं म्हणजे मीठ विकत घ्यायचं. ६० लिटर बदलले की दोन किलोच्या वर मीठ गेलं. म्हणून घाण जितकी लवकर बाहेर तितका महिन्याचा खर्च कमी, पुढची सगळी खरेदी याच हिशोबाने करायची.

पहिली खरेदी संप. (संप म्हटलं की आमच्या बाबांना अजून ८२ चा गिरणी संपच आठवतो, हा तो नव्हे, हा टँकच्या खाली ठेवायचा दुसरा छोटा टँक.) वरचं पाणी पाईपमधून खाली येतं, तिथे फिल्टर होतं आणि पंप ते परत वर चढवतो. तयार संप अजिबात घेऊ नका. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जुना तीन फुटी टँक शोधा, काचवाल्याकडून दोन-तीन पट्ट्या कापून घ्या, अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने पार्टिशन चिकटवा, झालं. बाथरूमचं बुरशी न येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं औषध माशांना बाधतं. पाणी पडतं त्या कप्प्यात साधा फ्लॉस (कचरा अडवणारा कापसासारखा थर) टाका, दर दोन-तीन दिवसांनी बदला, न बदललेला फ्लॉस हा फिल्टर नाही, कचऱ्याचा डबा आहे.

दुसरं स्किमर, आणि इथे मात्र कंजूसपणा नको. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, विरघळलेली प्रथिनं त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन वरच्या कपात जमतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून जमतं, गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हा खेळ होत नाही. खोक्यावर ‘५०० लिटरपर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा मोजके मासे धरून असतो. मी पहिल्यांदा अगदी मापात बसणारा घेतला, कप कधी धड भरलाच नाही आणि काचेवर शेवाळ मात्र भरभरून आलं. तुमच्या लिटरच्या दीड ते दुप्पट रेटिंगचा घ्या. परवडत नसेल तर सेकंडहँड बघा, कोणीतरी टँक मोडतच असतं, बॉडी अ‍ॅक्रिलिकची असते ती वर्षानुवर्षं टिकते, फक्त पंप उघडून आतलं चाक बघा आणि सगळं व्हिनेगरमध्ये भिजवून घासा. नवीन असेल तर पहिला आठवडाभर वेड्यासारखा वागतो, लगेच परत करायला धावू नका.

तिसरा रिटर्न पंप. संपमधून तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे माझ्याकडे १७०० ते २८०० लिटर. पण पंपावरचा आकडा उंची शून्य धरून असतो. पंप जास्तीत जास्त अडीच मीटर चढवू शकतो आणि तुम्हाला दीड मीटर चढवायचंय तर लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी मिळेल, वर पाईपची वळणं वेगळी. खोक्यावर ग्राफ असतो, दुकानात उभं राहूनच तो वाचा. वॉट पण बघा, ४० वॉटचा पंप दिवसरात्र चालला की महिन्याला २९ युनिट, स्वस्त आणि भुकेला पंप वर्षभरात महागच पडतो.

बॅक्टेरियासाठी महागडं मीडिया, म्हणजे त्यांना राहायला टाकतात ते सामान, लागत नाही, भोकाभोकाचा कोरडा दगड आणि सिरॅमिक रिंगा खूप झाल्या. कोणी ‘ओरिजिनल’ जिवंत कोरल लावलेला दगड देऊ केला तर घेऊ नका, दगडी कोरलं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि दगड टाकल्या टाकल्या मासे नकोत, चार-सहा आठवडे थांबा, अमोनिया आणि नायट्राईट टेस्टमध्ये शून्य दिसले की दोन-तीन मासे, बस.

युव्ही, ओझोन, महागडे रिअ‍ॅक्टर सध्या नकोत. कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) असेल तर चालवा, पण दर आठवड्याला धुवायची तयारी ठेवा. त्या पैशात बॅटरीवर चालणारा एअरपंप घ्या. मुंबईत लाईट जात नाही असं आपण म्हणतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसली तेव्हा अख्खी मुंबई थांबली होती, आणि पाणी हललं नाही की माशांना ऑक्सिजन मिळत नाही.

लाईट गेल्यावरचा दुसरा प्रॉब्लेम मी स्वतः भोगलाय. रिटर्नच्या पाईपचं तोंड पाण्याखाली तीन इंच होतं, सायफन तोडणारं भोक (त्यातून हवा शिरली की उलटं येणारं पाणी थांबतं) पाडलं नव्हतं. रात्री फ्यूज उडाला, पाणी उलटं खाली यायला लागलं, आणि माझ्या टँकमध्ये एक इंच म्हणजे जवळजवळ २४ लिटर. सकाळी खालच्या काकू दारात, ‘अरे, बेडरूममध्ये गळतंय, आणि पाणी खारट कसं रे?’ त्यांनी चाखून कधी बघितलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून मीठ टाकायच्या आधी सगळं साध्या पाण्यावर एक दिवस चालवा. रिटर्नच्या पाईपला पाण्याच्या जरा खाली छोटं भोक पाडा आणि ते साफ राहतंय ना बघत जा. मग पंपाचा स्विच बंद करा आणि संपजवळ बसून बघा पाणी कुठपर्यंत चढतं. ओसंडलं तर संपमधलं पाणी कमी करून परत. काठापासून तीन-चार बोटं खाली थांबलं की पंप चालू करा, पातळी स्थिरावली की पंपाच्या कप्प्यावर बाहेरून मार्करने रेघ मारा. आटलेलं पाणी भरताना, तेही बिनमिठाचं, त्या रेघेच्या वर एक मगही जास्त नाही.