लहान मुलांना स्पॅनिश वाचायला शिकवताय? मग भावाबहिणींचे उतारे घ्या

स्पॅनिशच्या दोन-तीन लेव्हल झाल्या की बरेच जण लहान मुलांचे क्लास घ्यायला लागतात, कारण वाटतं मोठ्यांसारखे ग्रामरचे खोचक प्रश्न तरी येणार नाहीत. मी सहा ते नऊ वयाच्या मुलांना स्पॅनिश वाचन शिकवते, आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगते की स्पॅनिशमध्ये मूल मोठ्याने वाचायला फार लवकर लागतं आणि नेमके तिथेच आपण फसतो. मूल अख्खा उतारा खणखणीत वाचून दाखवतं, आईबाबा खूश, आपण खूश, आणि मग सहज विचारावं की मग लुईस कोण होता रे, तर पोरगं आपल्याकडे बघत राहतं.

याचं कारण स्पॅनिशच्या स्पेलिंगमध्ये आहे. अक्षरं २७, स्वर पाच, आणि त्या पाच स्वरांचे उच्चार पक्के: आ, ए, इ, ओ, उ. इंग्लिशसारखं एकाच ए चे चार उच्चार असली भानगड नाही. थोडे नियम कळले की समोर येईल तो शब्द अर्थ न कळताही बरोबर वाचता येतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुलांना वाचायला शिकवायची जुनी पद्धत म्हणजे मा-मे-मी-मो-मू, म्हणजे सरळ आपली बाराखडीच, आणि ज्या मुलाला देवनागरी वाचता येते त्याला हे लगेच जमतं. त, द, प, क हे उच्चारसुद्धा आपल्यासारखेच. उलट जी मुलं फक्त इंग्लिश वाचत आलीत ती सुरुवातीला 'मी' (स्पॅनिशमध्ये माझा-माझी) ला 'माय' वाचतात आणि 'उना' ला 'युना', त्यांचे पहिले काही तास स्वर धुऊन काढण्यातच जातात.

नियम तसे मोजकेच सांगायचे. एच वाचायचाच नाही, म्हणून भाऊ तो एर्मानो, हेर्मानो नाही. जे चा उच्चार ख सारखा घशातून, म्हणून मुलगा म्हणजे इखो. डबल एल चा य, म्हणून यामो आणि यामा. एन वर लाट असली की न्य. ही लाट मात्र लिहिताना विसरू देऊ नका, कारण आन्यो म्हणजे वर्ष या शब्दावरची लाट गेली तर शरीराच्या भलत्याच भागाचं नाव होतं, आणि वर्गात एखादं मूल घरी जाऊन डिक्शनरी उघडणारं असतंच. अॅक्सेंटचा नियम सांगत बसू नका, मामा-पापा-बेबे या शब्दांच्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ आहे तिथे जोर द्या एवढं पुरे. र्र चा कंप कुणाला जमत नसेल तर सोडून द्या, ज्यांची ती मातृभाषा आहे त्या मुलांनाही तो उशिराच जमतो.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा, उताऱ्याच्या ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायचे नाहीत. (मी इथे लिहितेय, पण तुम्ही काही सात वर्षांचे नाही.) एकदा खाली देवनागरी दिसली की मुलाची नजर वर जातच नाही. पालक हौसेने वहीत पेन्सिलीने लिहून देतात, त्यांना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून ठेवा.

आता भावाबहिणींचेच उतारे का, तर शब्द कमी लागतात आणि विचारण्यासारखं मात्र खूप असतं. मी सुरुवात करते तो उतारा साधारण असा असतो: मे यामो आना. तेंगो सिएते आन्योस. तेंगो उन एर्मानो इ उना एर्माना. मी एर्मानो से यामा लुईस इ तिएने दिएस आन्योस. मी एर्माना से यामा लोला इ तिएने दोस आन्योस. म्हणजे सात वर्षांची आना, तिचा दहा वर्षांचा भाऊ लुईस आणि दोन वर्षांची बहीण लोला. बस, एवढंच. नावं मुद्दाम सोपी घेतलीत, पहिल्याच उताऱ्यात खोर्खे नाहीतर उगो आणू नका, मूल नावावरच अडखळतं आणि बाकीचं वाक्य हातातून जातं. वाचून झालं की लगेच भाषांतर करायला लावू नका, कारण तेंगो म्हणजे माझ्याकडे आहे, उन म्हणजे एक, असं शब्दाला शब्द लावत गेलेलं मूल शेवटपर्यंत पोचतं पण चित्र डोक्यात काही उभं राहत नाही. त्यापेक्षा कोरा कागद द्या आणि घरातली सगळी मुलं काढायला सांगा.

आणि मग बघा, बरीच मुलं दोनच जण काढतात, लुईस आणि लोला. आना कुठे गेली? ती तर बोलतेय ना, ती कशाला मोजायची! ही चूक इतक्या वेळा होते की मी आता मुद्दाम त्यासाठीच थांबते. आपल्या मराठी 'मी' साठी स्पॅनिशमध्ये असलेला शब्द, यो, बहुतेक वेळा गाळलेलाच असतो, नुसतं तेंगो म्हटलं की 'मी' त्यातच आला, मराठीतही आपण नुसतं 'जाते' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे मुलांना हे विचित्र वाटत नाही. पण कागदावर तो 'मी' दिसत नाही म्हणून गळतो. अशा वेळी एका मुलीला आना करून पुढे उभं करायचं, तिनेच तिचं वाक्य म्हणायचं, मग ती आपोआप मोजली जाते.

यापुढचा प्रश्न माझा सगळ्यात आवडता आहे: लुईसला बहिणी किती? उत्तर दोन, आना आणि लोला. पण सहा-सात वर्षांचं मूल हमखास एक म्हणतं. इथे नवीन शिक्षक घाबरतो की अरे याला उतारा कळलाच नाही, परत पहिल्यापासून शब्द घोटून घ्यायला लागतो. थांबा जरा. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२४ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रकार लिहून ठेवलाय, लहान मुलाला विचारलं की तुला भाऊ आहे का तर ते हो म्हणतं, पण तुझ्या भावाला भाऊ आहे का विचारलं की नाही म्हणतं. स्वतःला दुसऱ्याच्या जागेवरून भाऊ म्हणून बघणं त्या वयात जड जातं, मग भाषा कुठलीही असो. म्हणून माझी रीत अशी की असं उत्तर चुकलं की तोच प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारायचा. मराठीतही तो एकच म्हणाला तर स्पॅनिशला दोष देऊ नका, ते वयाचं आहे, चित्रात बोटाने रेघा ओढून दाखवा आणि पुढे चला. मराठीत बरोबर आलं आणि स्पॅनिशमध्ये चुकलं, तरच उताऱ्याकडे परत जायचं. ही एक चाळणी लावली तरी तुमची निम्मी दमछाक वाचेल.

दुसरी अडचण एर्मानोस या शब्दाची. तेंगो त्रेस एर्मानोस असं वाचलं की मुलं तीन मुलगे काढतात, पण स्पॅनिशमध्ये भाऊ-बहिणी मिळूनही एर्मानोसच म्हणतात, म्हणजे त्यात दोन बहिणी असू शकतात. आपल्याकडे त्यासाठी भावंडं हा छान शब्द आहेच, तो देऊन टाका आणि पुढच्या ओळीत नावं येईपर्यंत चित्र काढू नका असं सांगा. खरं तर वाचणाऱ्याला पुढची ओळ येईपर्यंत थांबायची सवय लागायला हा शब्द फारच उपयोगी आहे.

आणि चुलत-मामे-आते भाऊबहिणी! आपली मुलं त्यांनाही दादा-ताईच म्हणतात, त्यामुळे स्वतःबद्दल लिहायला सांगितलं की एकुलतं एक मूल बिनधास्त तेंगो सिएते एर्मानोस लिहून मोकळं. तिथे प्रिमो आणि प्रिमा हे शब्द वेळेवर द्यायचे. एकुलत्या एकासाठी नो तेंगो एर्मानोस हे वाक्य आधीच फळ्यावर असू द्या, नाहीतर ते मूल बिचारं गप्प बसतं. आणि कुणाच्या घरी सावत्र भावंडं असतात, कुणाचं भावंड दूर राहतं, कुणाचं गेलेलं असतं, म्हणून 'तुझ्या भावाबहिणीबद्दल सांग' असं थेट न म्हणता 'आनाच्या घरचं लिही नाहीतर तुझ्या घरचं, नाहीतर मनाने बनव' असे पर्याय कायम ठेवायचे. यावर मी फार बोलत नाही, पण विसरू नका.

मोठा-लहान या शब्दांचं काम सोपं आहे कारण मोठा भाऊ, मोठी बहीण असं विशेषण बदलणं मुलांच्या तोंडात आधीच बसलंय, पेकेन्यो-पेकेन्या (लहान) लगेच कळतं. मायोर (वयाने मोठा) मात्र भावालाही मायोर आणि बहिणीलाही मायोरच, तिथे काही हुशार पोरं स्वतःच मायोरा करून टाकतात, हसून दुरुस्त करा, त्याला नियम कळलाय हे चांगलंच लक्षण आहे. सू हा शब्द खरा त्रासदायक. सू एर्माना म्हणजे त्याची बहीण, तिची बहीण, त्यांची बहीण, काहीही, आणि मराठीत आपण त्याची-तिची वेगळं करतो त्यामुळे मूल विचारतं नक्की कुणाची. उत्तर शब्दात नाही, आधीच्या वाक्यात आहे. म्हणून सू आला की थांबायचं, मागे जायचं, कुणाबद्दल चाललंय त्या नावावर बोट ठेवायचं. हे बोट ठेवणं मी वयाने मोठ्या मुलांकडूनही करून घेते.

नवीन लोक उतारे लिहितात त्यात नुसती वर्णनं असतात. माझा भाऊ उंच आहे, त्याचे केस काळे आहेत, तो चांगला आहे. दुसऱ्या ओळीला मुलं जांभया देतात. भावाबहिणींमध्ये खरं काय असतं? भांडण! एक चेंडू आणि दोघं, एवढं साहित्य पुरतं. एस मी पेलोता. नो, एस मिया! नो, एस मिया! आणि मग लोला चेंडू घेऊन पसार. 'मिया' म्हणजे माझी (पेलोता म्हणजे चेंडू, स्पॅनिशमध्ये तो स्त्रीलिंगी) हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि दोन मुलांना दोन आवाज वाटून दिले की तेच चार शब्द ती कंटाळा न करता परत परत वाचतात. इथेच अजून दोन गोष्टी दाखवून घ्या, स्पॅनिश गोष्टीत संवाद बहुधा अवतरण चिन्हांऐवजी लांब आडव्या रेघेने सुरू होतो, म्हणजे नवी रेघ आली की बोलणारा बदलला. आणि प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह असतं, ही पद्धत स्पेनच्या भाषा अकादमीने १७५४ मध्ये घालून दिली. वाचणाऱ्या मुलाला त्याचा फायदा असा की वाक्य सुरू व्हायच्या आधीच आवाज चढवायचा हे कळतं. मुलांना ते चिन्ह काढायला भयंकर आवडतं, दोन दिवस सगळ्या वहीभर तेच असतं, असू द्या.

तासाची रचना विचाराल तर फार काही नाही. आधी मी एकदा वाचते, मुलं नुसती ऐकतात आणि ओळीखाली बोट फिरवतात, मग सगळे मिळून, मग जोड्यांमध्ये, आणि शेवटी प्रत्येकाने मनातल्या मनात. हे मनातलं वाचन बहुतेक जण गाळतात कारण त्यात शिक्षकाला काही ऐकू येत नाही, पण अर्थाकडे लक्ष जातं ते तिथेच. मध्येमध्ये थांबवून उच्चार सुधारू नका, वाचून झाल्यावर एकच चूक घ्या. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे वाचन ताणलं तर शेवटची दहा मिनिटं तुम्ही एकटेच वाचत असता.

स्पेनचं स्पॅनिश शिकवायचं की लॅटिन अमेरिकेचं, हा प्रश्न पालक विचारतातच. मुलाला या वयात काही फरक पडत नाही, फक्त तुमचं एक असू द्या. दिएस मधला शेवटचा आवाज आज स्पेनसारखा थ च्या जवळचा आणि उद्या स असं करू नका.

सर्टिफिकेटबद्दलही विचारतील. इन्स्तितूतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची शाळकरी मुलांसाठीची डेले ही स्पॅनिशची परीक्षा ११ ते १७ वयाची आहे, म्हणजे तुमच्या सात वर्षांच्या मुलाला अजून वेळ आहे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, नाहीतर वर्षभराने 'मग परीक्षा कधी' ऐकावं लागतं. आणि तुमची स्वतःची लेव्हल? माझं मत, बी-टू (परकी भाषा किती येते त्याच्या युरोपियन मोजपट्टीतली वरची मधली पायरी) असेल तर उत्तम, त्याखालच्या बी-वन वरही लहान मुलांचं वाचन घेता येतं पण उच्चार स्वच्छ हवेत, कारण तुम्ही जे बोलाल तेच ती जसंच्या तसं उचलतात. शंका असेल तर उतारा शिकवायच्या आधी आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि स्पॅनिश मातृभाषा असलेल्या कुणालातरी ऐकवा. पहिले पाच-सहा उतारे स्वतः लिहून तपासून घ्या, साध्या वर्तमानकाळात, प्रत्येकात नवीन शब्द चार-पाचच, आणि प्रत्येकाखाली उत्तर उताऱ्यातून शोधूनच द्यावं लागेल असा निदान एक प्रश्न. तो प्रश्न सुचत नसेल तर उतारा बदला.