शेण पिळणारे यंत्र चालवताना

गोठ्यातील शेण किंवा गोबरगॅसमधून बाहेर पडणारी स्लरी पिळून चोथा आणि पाणी वेगळे करणाऱ्या स्क्रू प्रेस यंत्राचे काम मोटारीच्या अश्वशक्तीपेक्षा तोंडाशी जमणाऱ्या चोथ्याच्या घट्ट बोळ्यावर अधिक अवलंबून असते. हा बोळा जमेपर्यंत तोंडातून पातळ शेणच वाहते. म्हणून प्रारंभी कोरड्या चोथ्याने तोंड बुजवावे आणि दाब हळूहळू वाढवावा. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते, आणि चांगला पिळलेला चोथाही ओलसरच राहतो, त्यामुळे विक्रेत्याच्या ‘एकदम कोरडा’ या आश्वासनावर विसंबू नये. चोथा मुठीत आवळून पाहावा: बोटांतून पाणी टपकल्यास दाब कमी आहे असे समजावे.

वाळू आणि मुरूम यांनी स्क्रू व जाळी लवकर झिजतात, तेव्हा स्लरी आधी टाकीत ढवळून खडे तळाशी बसू द्यावेत. विरघळलेले नत्र व पालाश मुख्यतः निथळलेल्या पाण्यात जात असल्याने ते गटारात न सोडता पिकाला द्यावे. मात्र गाळल्याशिवाय ठिबकमधून सोडू नये. काम थांबताच, शेण वाळण्यापूर्वी, जाळी दाबाच्या पाण्याने धुवावी.