‘चौकशी करणे’ – पण कुणी? विद्यार्थी गटाच्या नव्या कारभाऱ्यांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी वही. नवी विकत आणू नका, जुनी मागून घ्या. मागच्या वर्षीच्या सचिवाकडून इतिवृत्ताची वही, मेलचा पासवर्ड, शिल्लक पैशांचा हिशेब आणि कुणाकडून काय उसनं आणलंय त्याची यादी, हे सगळं त्याची शेवटची परीक्षा सुरू व्हायच्या आत ताब्यात आलं पाहिजे. एकदा निकाल लागून माणसं पांगली की फोन उचलत नाहीत, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसते.

वही आली की शेवटची तीन पानं काढा आणि पेन्सिलने प्रत्येक क्रियापदाभोवती गोल करा. ‘सभागृहाची चौकशी करणे.’ ‘पाहुण्यांना पत्र पाठवणे.’ ‘पोस्टरचे बघणे.’ इतिवृत्त लिहायची आपल्याकडे ही रीतच पडून गेली आहे. क्रियापद ठसठशीत, कर्ता मात्र गायब. फारच अधिकृत वाटावं म्हणून कुणी ‘करण्यात यावे’ लिहितं, तिथे तर कर्ता शोधायलाही जाऊ नये. या वर्षीची वही आखताना विषय आणि निर्णय यांच्या पुढे आणखी दोन रकाने आखा: ‘कुणी’ आणि ‘कधीपर्यंत’. खाली लिहिलेली बाकीची सगळी तयारी या दोन रकान्यांसाठीच आहे.

मी सचिव होतो तेव्हाचं एक पान मला अजून दिसतं. वार्षिक कार्यक्रमाला पाच आठवडे होते, बैठकीला चौदाजण हजर. सभागृहाचा विषय दोन मिनिटांत आटोपला, कारण सभागृह हवं यावर सगळ्यांचं एकमतच होतं. मग स्वयंसेवकांच्या बिल्ल्याचा रंग निघाला आणि चाळीस मिनिटं गेली. मी माझ्या हाताने लिहिलं, ‘सभागृह – नोंदणी करणे. बिल्ला – गडद निळा, पांढरी अक्षरे.’ बिल्ले झकास झाले. कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना कळलं की सभागृह दुसऱ्याच गटाने कधीचं घेतलंय. चौदाजणांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी केलं असेल. त्यात मीही. कार्यक्रम शेवटी एका वर्गात, बाकं भिंतीला लावून उरकला. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली अशाच एका समितीची थट्टा केली होती: ती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड प्रत्येकाला कळते. रंगही प्रत्येकाला कळतो.

आता उद्दिष्टं. पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी दोघा-तिघांनी बसून कच्ची लिहून काढा. पंधराजणांत कोऱ्या कागदापासून सुरुवात केली की हाती घोषणा लागतात. ‘यंदा गट जोरात चालवायचा’ ही घोषणा. ‘दर दोन आठवड्यांनी एक भित्तिपत्रक, सत्राअखेर सहा अंक, प्रत्येक अंकात निदान दोन नवे लेखक’ हे उद्दिष्ट. कारण तिसऱ्या अंकाच्या दिवशी कुणीही भिंतीकडे बघून सांगू शकतं की आपण मागे आहोत की नाही. लॉक आणि लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं हाच विषय धरून ठेवला होता. ‘जमेल तितकं चांगलं करा’ असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं आणि जरा अवघड उद्दिष्ट दिलेली माणसं जास्त काम करतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. अट एवढीच, की ते उद्दिष्ट त्या माणसाने मनापासून स्वीकारलेलं असावं. म्हणून कच्च्या यादीवर बैठकीत खोडाखोड होऊ द्या. ती व्हायलाच हवी.

‘स्मार्ट’ (SMART) उद्दिष्टांचा तक्ता प्रत्येक शिबिरात दाखवतात, तो तुम्हीही पाहिला असेल; त्यातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे चांगल्या उद्दिष्टाची एक अट. त्यातल्या ‘ए’चा अर्थ आता बहुतेक ठिकाणी ‘गाठता येईल असं’ एवढाच सांगतात. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ही अक्षरं जुळवली तेव्हा तो ‘ए’ नेमून देण्याचा होता, म्हणजे हे काम कोण करणार ते ठरलेलं असावं. नेमकं तेच अक्षर वाटेत बदललं याचं मला आश्चर्य वाटत नाही. नाव लिहिणं अवघड जातं, समोर मित्र बसलेला असतो.

तीन उद्दिष्टं पुरेत. सात लिहिलीत तर चार कुणाचीच नसतात.

नेतृत्वाची शैली हा भाषणात फार लांबणारा विषय. तयारीपुरतं सांगायचं तर, ‘मी कोणत्या प्रकारचा नेता’ हे शोधत बसू नका; विषयवार ठरवा. १९३९ साली लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या मुलांच्या छोट्या मंडळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक प्रमुख हुकूम सोडणारा, एक मुलांना विचारून ठरवणारा, एक सगळं मुलांवर सोडून देणारा. हुकूम सोडणारा समोर असेपर्यंत काम दणक्यात चाले, तो खोलीबाहेर गेला की धाडकन खाली येई. विचारून ठरवलेल्या मंडळांत प्रमुख गेला तरी काम जवळपास तसंच चालू राही. तुमच्या गटातही प्रमुख सारखा खोलीबाहेरच असणार आहे, त्याचेही तास आणि परीक्षा आहेत.

तरी सगळंच सगळ्यांना विचारायचं नसतं. विषयपत्रिका करताना प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ‘सांगायचं’, ‘विचारायचं’ किंवा ‘ठरवायचं’. अर्जाची मुदत परवा संपतेय, अर्ज भरलाय, हे सांगायचं. पाहुणे कोण बोलवावेत हे विचारायचं, अंतिम यादी दोघे करतील. वर्गणी किती घ्यायची हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मनात आधीच ठरलेली गोष्ट ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून कधीही पुढे करू नका. पोरांना ते पहिल्याच मिनिटाला कळतं, आणि मग खऱ्या प्रश्नालाही ‘तुम्हीच ठरवा’ असं उत्तर येतं.

विषयपत्रिका दोन दिवस आधी पाठवा, विषय चार, फार तर पाच. सगळ्यात जड विषय दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या विषयाच्या वेळी निम्मे जण अजून जिना चढत असतात आणि शेवटच्याच्या वेळी निम्मे घड्याळाकडे बघत असतात. प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहा. ‘ऐनवेळचे विषय’ हा आपल्या सभांचा जुना खड्डा. त्याला पाच मिनिटं द्या, त्यात फक्त नोंद घ्या, निर्णय पुढच्या वेळी. रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनियरच्या गळ्यात एका सभेचं अध्यक्षपद अचानक पडलं आणि सभा हाताबाहेर गेली. त्या नामुष्कीतून १८७६ साली त्याने सभेच्या नियमांचं अख्खं पुस्तकच लिहिलं. पंधराजणांना त्यातले दोन नियम पुरतात: गणपूर्ती, म्हणजे निर्णयाला किमान किती जण हजर हवेत, ते आधीच ठरलेलं असावं, आणि एका वेळी एकच विषय.

बैठकीच्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा, खुर्च्या गोल करा, वेळ सांगायचं काम अध्यक्ष सोडून दुसऱ्याकडे द्या. नव्या कल्पना हव्या असतील तर आधी पाच मिनिटं प्रत्येकाला गुपचूप चिठ्ठीवर लिहू द्या, मग बोला. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात चारजण एकत्र बसून जेवढं सुचवत, त्याहून जास्त कल्पना वेगवेगळ्या बसलेल्या चौघांकडून मिळाल्या होत्या. शिवाय चिठ्ठीमुळे पहिल्या वर्षाची पोरं बोलतात. नाहीतर तेच तिघं बोलणार. दुसऱ्या महिन्यात भांडण होईल. होऊ द्या, फक्त ते व्हॉट्सॲपवर नको.

प्रत्येक विषय संपला की थांबा आणि मोठ्याने विचारा, ‘कुणी?’ मग गप्प बसा. ही शांतता फार जड असते. दहा सेकंदांत अध्यक्षालाच वाटतं, जाऊ दे, मीच करतो. ते तोंडातून बाहेर पडू देऊ नका. ‘आपण सगळे मिळून बघू’ असं कुणी म्हणालं, तर वहीत ते लिहूच नका. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांचं बळ मोजून १९१३ साली आकडे छापले: आठजण ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर येतो. थोडा दोष सूर न जुळण्याचा, थोडा ‘बाकीचे आहेतच की’ याचा. दोघे मिळून करणार असतील तरी रकान्यात नाव एकाचंच, दुसरा मदतीला.

इतिवृत्त त्याच रात्री पाठवा. अर्धं पान पुरतं. कोण काय म्हणालं ते नको; ठरलं काय, कुणी, कधीपर्यंत. ज्याचं नाव आहे त्याला वेगळा निरोप टाका आणि मुदतीच्या दोन दिवस आधी एकदा विचारा, ‘कुठे अडलंय का?’ ‘झालं का?’ असं विचारलं की माणूस फोन टाळतो.

पुढच्या बैठकीत वही उघडून आधीचे रकाने वाचून दाखवा. ज्या कामापुढे दुसऱ्यांदाही नाव आलं नाही ते सगळ्यांसमोर खोडून टाका. पहिल्यांदा खोडताना आमच्याकडे जरा कुजबुज झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘थांबा, ते माझ्या नावावर लिहा,’ आणि तारीख तिनेच सांगितली.